पिशवीला दोष देऊ नका, ताई

सिस्टर, नमस्कार.

मी विश्रामबागेत पोळी-भाजी केंद्र चालवते. वय ४७. रोज तीनशेच्या आसपास पोळ्या जातात, हाताखाली दोघी आहेत. दीड वर्षापासून पाळीचं गणित बिघडलंय. मध्ये पाच महिने आलीच नाही आणि मग आली ती अकरा दिवस थांबेना. तव्यासमोर उभी असताना छातीतून एकदम वाफ वर चढते, तोंड लालबुंद होतं, ब्लाउज घामानं भिजतो. रात्री दोन-तीनदा उठते. थंडीतसुद्धा पंखा लागतो, त्यावरून ह्यांच्याशी रोज वाद. हे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत, त्यांनाही झोप हवी असते. ते जवळ आले की मला नको वाटतं, मग ते रुसतात. परवा मुलगी भाजीत मीठ नाही म्हणाली आणि मी हातातलं लाटणं फेकलं. तिला लागलं नाही, पण ती रडली. नंतर मी मोरीत जाऊन रडले. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गेल्या वर्षी घसरून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून त्यांचंही सगळं माझ्याकडेच आहे. जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी गर्भाची पिशवी काढली. त्या म्हणतात, तूही काढून टाक, मोकळी होशील. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. काढू का? आणि हे घरात सांगू कसं?

– एक वाचक, सांगली

*

ताई, तुमचं पत्र वाचताना मी लाटण्यापाशी थांबले. लेकीवर लाटणं फेकून मोरीत रडणारी बाई मला परकी नाही. मिरजेत प्रसूती विभागात मी तीस वर्षं नोकरी केली. एकोणपन्नासाव्या वर्षी एका रात्रपाळीत औषधांचा ट्रे मी असा आदळला होता की नवी आलेली पोरगी घाबरून भिंतीला टेकली. तिची चूक काहीच नव्हती. माझी त्या आठवड्यात एकही रात्र सलग झोप झाली नव्हती. तुमच्या मुलीला जवळ घेऊन एवढंच सांगा की ते तिच्यामुळे झालं नाही. त्याचं कारणही सांगा. ती मुलगीच आहे, तिलाही हे कळायला हवं.

आता पिशवीचं बोलू. त्यात घाई झाली तर परत फिरता येत नाही, म्हणून ते आधी.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्या त्रासांत पिशवीचा थेट संबंध एकाशीच आहे, त्या अकरा दिवसांच्या रक्तस्रावाशी. वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड यांतलं काहीही पिशवीतून येत नाही. पिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशयं असतात, दवाखान्यात ज्यांना ओव्हरी म्हणतात. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथे तयार होतं. चाळिशी उलटली की त्याचा पुरवठा अनियमित होतो, एखाद्या महिन्यात भरपूर तर एखाद्या महिन्यात अगदीच थोडा. पाळी मागेपुढे होते ती त्यामुळेच. शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा मेंदूत आहे. इस्ट्रोजेन घटलं की ती फार हळवी होते. अंगातली ऊब किंचित वाढली तरी तिला वाटतं, बाई तापली. मग ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या सोडते आणि घाम काढते. तुमच्या छातीतून वर चढणारी वाफ ती हीच. बहुतेक वेळा एक ते पाच मिनिटांत ती ओसरते, मागून थंडी वाजते. तुम्ही तर पेटलेल्या शेगडीसमोर आठ तास उभ्या असता, म्हणजे त्या हळव्या जागेला दिवसभर डिवचणंच चाललंय.

आता बघा, नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तर पाळी जाईल, वाफा राहतील. कित्येक जणींची रजोनिवृत्ती अशा ऑपरेशननंतर थोडी लवकरही येते. आणि अंडाशयंसुद्धा काढली, तर जे इस्ट्रोजेन पुढच्या काही वर्षांत हळूहळू उतरणार होतं ते एका दिवसात जातं. मग वाफा आणखी जोरानं येतात, हाडं लवकर विरळ होऊ लागतात, हृदयाचा धोका वाढतो. मोकळी होशील म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

जाऊबाई खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पिशवीत मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्त थांबत नसेल, अंग बाहेर येत असेल किंवा कॅन्सर असेल, तर पिशवी काढणं योग्य ठरतं आणि बाईला खरंच बरं वाटतं. त्यांची फाइल मागून घ्या, ऑपरेशन कशासाठी झालं ते बघा. त्यांचं कारण तुमचं असेलच असं नाही.

माझ्या नोकरीच्या काळात पस्तिशी-अडतिशीच्या बायका येऊन म्हणायच्या, सिस्टर, काढूनच टाका, दर महिन्याची कटकट नको. शेतावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात पाळीचे चार दिवस कसे काढायचे हा त्यांचा खरा प्रश्न असायचा. त्याला उत्तर म्हणून त्यांना ऑपरेशन दाखवलं जायचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी आली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच टोळ्या दर हंगामात आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात. म्हणून ‘काढून टाक’ हे शब्द इतक्या सहज कुणी उच्चारले की मला राग येतो.

तर त्या अकरा दिवसांचं काय करायचं? या वयात पाळी बेताल होते हे खरं, पण रक्तस्राव वयाच्या नावावर सोडून द्यायचा नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोनोग्राफी करून पिशवीत गाठी आहेत का, आतलं अस्तर किती जाड आहे, हे बघतात. गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात, त्याला घाबरू नका. थायरॉइड तपासा, कारण त्याच्या बिघाडातही पाळी चुकते, घाम येतो, छाती धडधडते. हिमोग्लोबिन तर बघाच. आपल्या राज्यात अर्ध्याहून जास्त बायका अशक्त रक्ताच्या आहेत आणि दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला ते कमी पडलं तर दम लागतो, चक्कर येते. रक्तस्राव कमी करायला गोळ्या आहेत. हार्मोन सोडणारी तांबीही मिळते. ती साध्या तांबीसारखीच आत बसवतात, काही वर्षं काम करते आणि पुष्कळ जणींचं ऑपरेशन टळतं. हे सगळं विचारून झाल्यावरही डॉक्टर काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. रांग असते, वेळ जातो. एक दिवस केंद्राला सुट्टी द्या.

तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. आणि हे कायमचं ध्यानात ठेवा: पाळी सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात, आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी तो पाळी परत आल्याचा नसतो. तो त्याच आठवड्यात दाखवायचा. बहुतेकदा कारण किरकोळ निघतं. पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच दिसतो आणि लवकर सापडला तर बराही होतो. मी अशा बायका पाहिल्यात ज्या लाजेनं वर्षभर गप्प बसल्या.

जाता जाता आणखी एक. मुलं न होण्याचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर ‘पाळी येत नाही म्हणजे भीती नाही’ असं समजू नका. पंचेचाळिशीला दिवस राहिलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

आता वाफांचं. त्यांना औषध आहे, आणि ते बायकांना सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. मी स्वतः एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, सिस्टर, वय झालं आता. इतकी वर्षं ज्या कामात घालवली तिथेच हे ऐकावं लागलं. त्यानंतर वर्षभर मी कुणाला काही बोलले नाही. शेवटी आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंनीच कपडे बदलायच्या खोलीत मोठ्यानं विचारलं, “तुमच्यापण अंगातून वाफा निघतात काय वो?” खोलीत सहा जणी होतो, चौघींच्या निघत होत्या. एकीनं एक डॉक्टर सांगितल्या, आम्ही दोघी मिळून गेलो.

हार्मोनची औषधं, म्हणजे इस्ट्रोजेन आणि पिशवी असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन, हा वाफांवरचा सगळ्यांत गुणकारी उपाय आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून त्यांचे धोके पुढे आले आणि जगभर बायकांनी ती धडाधड बंद केली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. पुढे उलगडत गेलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. धोका अजिबात नाही असं नव्हे. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रक्तस्रावाचं कारण अजून सापडलेलं नसेल, तर ती सहसा देत नाहीत. म्हणजे तुमची सोनोग्राफी आधी, हे औषध नंतर. आई-मावशी-बहिणीत कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, हे आजच आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील. हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील, तर वाफा कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्याही आहेत. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून चूर्ण-पावडरी मात्र आणू नका, विशेषतः बीपीच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर.

केंद्रातही थोडं बदला. तव्यापाशी सलग उभं राहू नका, तासाभरानं लाटायला बसा आणि भाजायला दुसरीला उभं करा. शेगडीच्या वर एक्झॉस्ट फॅन नसेल तर तो खर्च आधी करा, हवं तर माझ्या शब्दाखातर. पॉलिस्टर मिसळलेली साडी कामाला नको, सुती नेसा, सुती ब्लाउजांची एक जोडी तिथेच ठेवा. वाफ चढते आहे असं वाटलं की लाटणं खाली ठेवायचं, माठातलं पाणी घोटघोट प्यायचं आणि श्वास पोटातून सावकाश घ्यायचा, मिनिटाला सहा-सात एवढाच. सुरुवातीला जमत नाही, आठवड्यानं जमतं. कडकडीत चहा आणि आपलं सांगलीचं झणझणीत तिखट यांनी कित्येकींची वाफ चढते. तुम्हाला कशानं चढते ते वहीत लिहा. पोळ्यांच्या हिशेबाची वही आहेच, तिच्याच मागच्या पानावर तारीख, पाळी, वाफा, झोप. महिन्याभरानं ते पान डॉक्टरांपुढे ठेवलंत तर तुम्हाला फारसं बोलावंही लागणार नाही.

पत्रात नाही, तरी विचारते: मिश्री लावता का? आपल्या भागात बऱ्याच बायका लावतात आणि सांगत नाहीत. लावत असाल तर सोडा. तंबाखू हृदयाची वैरीण आहे आणि पाळी गेल्यावर हृदयाचं संरक्षण तसंही कमी होतं. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा बघायचं.

आता सासूबाई. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” ताई, होतं. त्याला त्या ‘उष्णता’ म्हणायच्या, सब्जा भिजवून प्यायच्या आणि उकाड्याचं निमित्त करून अंगणात झोपायच्या. आणि जे त्यांना कधीच जाणवलं नाही, ते गेल्या वर्षी घसरल्यावर दिसलं. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. दुखत नाही, खुपत नाही, पंचवीस वर्षांनी साधं घसरायचं निमित्त होतं आणि खुबा मोडतो. त्यांना हे टोमणा म्हणून ऐकवू नका, त्या बिचाऱ्या अंथरुणात आहेत. पण त्यांची हाडं आणि तुमची हाडं यांच्यामध्ये ही पुढची पाच-सात वर्षं उभी आहेत. ती वाया घालवू नका. त्यांच्या डॉक्टरांना हाडं बळकट करायच्या औषधाबद्दलही विचारा. एकदा खुबा मोडला की दुसरं हाड मोडायचा धोका वाढतो, आणि नुसतं ऑपरेशन करून घरी पाठवलेले कितीतरी म्हातारे मी पाहिलेत.

तुम्हाला दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागेल. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिळतं, पेलाभर दुधात दोनशेच्या वर. म्हणजे सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी, दुपारी वाटीभर दही, रात्री दूध, मध्ये तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. दिवसभर लोकांचे डबे भरता आणि स्वतः उरलेली पोळी चहात बुडवून खाता, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर मला आनंदच होईल. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्यांना ऊन मिळत नाही. आणि आठ तास उभं राहणं म्हणजे व्यायाम झाला, असं धरू नका. हाडाला भार लागतो आणि स्नायूला ओढ लागते. आमराईत सकाळी अर्धा तास भरभर चाला, घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठा-बसा, कणकेचा डबा दोन्ही हातांनी उचला-ठेवा. पहाटे केंद्राची घाई असते हे मला कळतं. मग संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जा, मुलीला सोबत न्या. लाटण्याचं बोलणं तिथे जास्त चांगलं होईल.

मीठ विसरणं, ऑर्डर विसरणं याची धास्ती घेऊ नका. झोप मोडली की डोकं असंच चालतं, आणि या काळात तर अनेकींना विसर पडतो. बहुतेकींचा पुढे निवळतो. पण सलग दोन आठवडे कशातच मन लागेना, रडू थांबेना, जगणं नको वाटलं, तर ते पाळीच्या खात्यात टाकू नका. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलं घरात सांगायचं. मला वाटतं तुम्ही ‘माझी पाळी जायला आली’ एवढंच वाक्य बोलायला अडखळताय. ती अडचण खरी आहे. आपल्याकडे बाहेरची झाली, कावळा शिवला, असं आडून बोलण्यात पिढ्या गेल्या. मग बोलू नका, हे पान त्यांच्या पेढीच्या पिशवीत ठेवा. पुढचं त्यांच्यासाठीच लिहिते.

दिवाणजी, नमस्कार. तुमच्या पत्नीला तुमचा कंटाळा आलेला नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की आतली कातडी पातळ आणि कोरडी होते, जवळ येताना दुखतं, आग होते, लघवीला जळजळतं. जिथे दुखणार हे माहीत आहे तिथे कुणाचंही अंग मागे सरतं. यावर ओलावा देणारं जेल मेडिकलमध्ये मिळतं. तेवढ्यानं भागलं नाही तर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. ते अगदी कमी मात्रेचं असतं आणि पोटात घेतलेल्या गोळीसारखं अंगभर पसरत नाही. हे डॉक्टरांना विचारायला त्या लाजतील. म्हणून तुम्ही बरोबर जा आणि खोलीबाहेर बाकावर बसू नका, आत या. आईंचं अंघोळ-पाणी आठवड्यातले तीन दिवस तुम्ही घ्या किंवा भावाशी बोलून वाटून घ्या. त्या तुमच्याही आई आहेत आणि जाऊबाईंच्याही सासूबाई. अशा वाफा कित्येकींना सात-सात वर्षं येतात. तेवढा काळ एकटीनं काढायचा नसतो.

आणि ताई, पंख्याचं. तो रात्री तुमच्या बाजूला वळवा आणि चालू ठेवा. अंगावर जाड पांघरूण घेऊ नका, पातळ सुती चादर पुरे, उशीपाशी पाण्याचा तांब्या. दिवाणजींना थंडी वाजेल, वाजू द्या. ट्रंकेत त्यांच्या आईनं शिवलेली एखादी वाकळ असेलच. ती काढून, ऊन दाखवून त्यांच्या उशाशी ठेवा.

सोनोग्राफीत काय आलं ते मला कळवा.